आम्हाला दिलेली संधी

ज्या दिवशी राग आला त्याच दिवशी भांडून मोकळं झालं, तर किस्से साठत नाहीत. आमचे साठले, कारण आमच्यापैकी कुणीच भांडायच्या परिस्थितीत नव्हतं. कंत्राट पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की नाही हे ज्यांच्या हातात, त्यांच्याशी भांडणार कोण? मग संध्याकाळी विद्यापीठाच्या गेटबाहेर लोचोच्या, म्हणजे खमणासारख्या सुरती नाश्त्याच्या, गाडीवर उभं राहायचं आणि आज काय झालं ते एकमेकांना ऐकवायचं. लोचोवाल्याला आमची सगळी प्रकरणं पाठ झाली होती. एखाद्या दिवशी आम्ही गप्प असलो तर तोच काळजीने विचारायचा, आज काही झालं नाही का म्हणून.

आम्ही म्हणजे मी, हीना आणि प्रशांत. मी रसायनशास्त्रातली. वडील धुळ्याकडून येऊन पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये लागले, त्यामुळे मी वाढले डिंडोलीत. हीना कामरेजची, मायक्रोबायोलॉजीतली. प्रशांत जळगावचा, भौतिकशास्त्रातला, लेझरवाला. सुरतेतल्या आमच्या विद्यापीठाने एकदा मोठी जाहिरात काढली होती, विज्ञानाच्या सर्व शाखांमध्ये पोस्टडॉक्टरल संशोधनाची संधी. म्हणजे ज्यांची पीएच.डी. झाली आहे त्यांनी आणखी काही वर्षं एखाद्या मोठ्या प्राध्यापकाबरोबर काम करायचं आणि संशोधक म्हणून स्वतःच्या पायावर उभं राहायचं. कागदावर योजना फार छान होती. आम्ही तिघंही निवडले गेलो आणि जुन्या काचसामानाच्या स्टोअररूममध्ये आमची टेबलं लागली.

योजनेचे प्रमुख विज्ञान शाखेचे डीनसर. त्यांच्याकडे काहीही मागायला गेलं, पंखा, चावी, सुट्टी, की ते हसून म्हणायचे, "संधी दिली आहे ना?"

बोलणं अर्थात गुजरातीत व्हायचं. मी मराठीत सांगतेय एवढंच.

*

हीनाच्या इंटरव्ह्यूपासून सुरुवात करते, कारण ही बाई काय चीज आहे ते त्या दिवशीच कळायला हवं होतं.

कापड रंगवायच्या रंगांवर जगणारे जीवाणू हा तिचा विषय. ती महिनाभर तयारी करून गेली होती. समितीत सगळे पुरुष. पहिला प्रश्न, लग्न झालंय का? झालंय. मुलं? अजून नाहीत. त्यावर समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिला शांतपणे समजावून सांगितलं, की असं आहे बेन, बायकांना घेतलं की त्या काम अर्ध्यात सोडून जातात आणि मग विद्यापीठाचं नुकसान होतं.

हीनाने तितक्याच शांतपणे विचारलं, की या योजनेत आमच्याआधी कुणी होतं का? होते ना, दोघं होते. आता कुठे आहेत? एक परदेशी गेला, एक कंपनीत लागला. म्हणजे दोघांनीही काम अर्ध्यात सोडलं? हो, सोडलं.

तेव्हा हीना म्हणाली, "बाळंतपणाला गेले का, सर?"

समितीतले एकजण एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आपण निवडले गेलो ते त्या ठसक्यामुळे, असं हीना आजही म्हणते. तिच्यानंतर जो मुलगा आत गेला, त्याला समितीने विचारलं होतं, नवसारीहून आलात का, बसला गर्दी होती का.

*

आता लायब्ररी. मी पीएच.डी. याच विद्यापीठातून केलेली, त्यामुळे माझा प्रबंध तिथल्या कपाटात काळ्या बांधणीत, वर सोनेरी अक्षरात माझं नाव असलेला, उभा आहे. रुजू झाल्यावर मला त्यातला एक तक्ता पाहायचा होता. माझी प्रत घरी होती, पण म्हटलं इथेच तर आहे.

काउंटरवर माझं विद्यार्थ्याचं कार्ड दाखवलं. ते बंद झालं होतं, कारण मी पास झाले होते. मग म्हटलं कर्मचाऱ्यांचं कार्ड द्या. ते मिळेना, कारण कर्मचाऱ्यांच्या यादीत आम्ही नव्हतो. मी ग्रंथपालांना सगळं नीट समजावलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी संगणकावर बराच वेळ शोधाशोध केली आणि शेवटी हात टेकले. म्हणाले, "बेन, शिक्षण संपलंय आणि नोकरी लागलेली नाही, असा रकानाच आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही."

तेव्हापासून आम्ही तिघं रोज 'पाहुणे' म्हणून सही करून लायब्ररीत बसायला लागलो. पाहुण्यांना पुस्तकं घरी नेता येत नाहीत. प्रबंध तर बघायलाही मिळत नाहीत, त्यासाठी डीनसरांचं शिफारसपत्र लागतं. म्हणजे मी काय लिहिलंय ते मला वाचू द्यावं, अशी शिफारस डीनसरांनी करायची. मी ती मागायला गेले नाही. उत्तर काय मिळणार ते ठाऊक होतं.

*

प्रशांतची गोष्ट सांगताना मला अजून संताप येतो, तो मात्र हसतो.

लेझरचं काम म्हणजे फार नाजूक. मोठ्या जड टेबलावर आरसे आणि भिंगं मांडायची, एकेक आरसा केसभर सरकवत किरण हवा तिथे न्यायचा. नुसत्या त्या मांडणीत आठवडेच्या आठवडे जातात. प्रशांतची मांडणी शेवटी जमली तेव्हा त्याने आम्हाला दोघींना बोलावून तो हिरवा ठिपका दाखवला होता, एखाद्याने बाळ दाखवावं तसा.

नवरात्र तोंडावर आलं होतं. डीनसर ज्या सोसायटीत राहतात तिथला गरबा जोरात असतो. त्यांनी प्रशांतला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "तुझा विषय प्रकाशच ना?"

प्रशांत हो म्हणाला. नाही कसं म्हणणार, विषय प्रकाशच होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भौतिकशास्त्राचा डॉक्टर शिडीवर चढून सोसायटीच्या मैदानात दिव्यांच्या माळा बांधत होता. एक माळ लागेना, तिच्यातला दोष शोधण्यात संध्याकाळ झाली. सोसायटीचे चेअरमन येरझाऱ्या घालत होते. डीनसरांनी कौतुकाने ओळख करून दिली, हे आमच्या विद्यापीठातले सायंटिस्ट. चेअरमन म्हणाले, "हा, म्हणूनच. आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन दुपारपर्यंत उरकायचा."

इथे संपलं असतं तर मीही हसले असते. पण प्रशांत माळा बांधत होता त्या दिवशी विभागात दिवाळीची साफसफाई निघाली. शिपायांनी त्याची खोली उघडून टेबल ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून काढलं. आरसेही पुसले. फार मनापासून पुसले, चकचकीत केले आणि एका रांगेत उंचीप्रमाणे लावून ठेवले.

प्रशांत दुसऱ्या दिवशी दारातच थांबला. खुर्ची घेतली आणि त्या रांगेसमोर नुसता बसून राहिला. त्याचं अर्धं वर्ष गेलं. वार्षिक अहवालात त्याच्या नावापुढे संशोधनाचा रकाना रिकामा होता आणि शेऱ्यात लिहिलं होतं, समाजाशी चांगला संपर्क.

*

आमच्या घरीही काही वेगळं नव्हतं. पोस्टडॉक म्हणजे काय हे आईला मी पुष्कळदा सांगितलं, पण गल्लीत बायकांनी विचारलं की ती बिचारी अडायची. शेवटी तिने आपल्यापुरता मार्ग काढला. "मन्ही पोर पोस्टमा शे," असं ती अहिराणीत सांगायला लागली. पोरगी पोस्टात आहे. ते सगळ्यांना पटकन कळलं. सकाळी मी निघाले की एखादी काकू पासबुक घेऊन दारात उभी असायची, जरा नोंद करून आण म्हणून.

अशातच उधन्याहून एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरचे मूळचे नंदुरबारचे. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, कोणत्या शाखेत आहेस?

मी म्हटलं, रसायनशास्त्र.

त्यांनी बराच विचार केला. मग विचारलं, "हे पांडेसऱ्याच्या पुढे आलं का?"

तिथे माझे वडील मध्ये पडले आणि त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. विद्यापीठात संशोधन करते, पीएच.डी. झाली आहे, खाडीच्या पाण्यातले रंग तपासते, दर वर्षी नवं कंत्राट होतं. अभिमानाने सांगितलं त्यांनी. मिलमध्ये आयुष्यभर रंगात हात घातलेल्या माणसाची पोरगी त्याच रंगांवर संशोधन करते, यासारखी मोठी गोष्ट त्यांच्या लेखी नव्हती. समोरचे चेहरे मात्र एकेक करून उतरत गेले. मुलाच्या आईने एवढंच विचारलं, की म्हणजे अजून शिक्षण पुरं व्हायचंय का?

चार दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण पोस्टातच असती तर बरं झालं असतं.

वडील त्या संध्याकाळी जेवायला उठले नाहीत. मला त्या लोकांचा खरंच राग आला नाही. विद्यापीठाला आम्ही कोण ते माहीत नव्हतं, तर उधन्याच्या माणसांना कुठून असणार? आई मात्र खंबीर. पासबुकवाल्या काकूंना तिने दुसऱ्या दिवशी दारातच सांगितलं, "मन्ही पोरनी बदली व्हयनी."

*

मग ते मशीन आलं. पाण्यात कोणता रंग किती विरघळला आहे हे बिनचूक सांगणारं, परदेशी, भलं मोठं. आमच्या योजनेसाठीच आलं होतं, आणि मी बमरोलीच्या बाजूला खाडीचं पाणी गोळा करत फिरत होते, म्हणजे सगळ्यात जास्त गरज मला. नारळ फुटला, फीत कापली, फोटो निघाले. त्यानंतर मशीनवर प्लास्टिकचं कव्हर चढलं आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ली डीनसरांच्या ड्रॉवरमध्ये. बाहेरगावचे पाहुणे आले की कव्हर निघायचं, पाहुणे गेले की पुन्हा चढायचं.

मी किती खेटे घातले ते विचारू नका. माझे गाइड सज्जन माणूस, पण वाद सुरू झाला की ते चष्मा काढून पुसत बसायचे आणि वाद संपेपर्यंत तो स्वच्छ व्हायचा नाही. शेवटी मी एकटीच पाण्याच्या बाटल्या घेऊन डीनसरांसमोर उभी राहिले. त्यांनी एक बाटली उजेडात धरली. जांभळट पाणी होतं, खाली काळा गाळ.

हे यात घालणार? त्यांनी असं विचारलं की जणू मी ते त्यांच्या ताटात ओतणार होते. मी सांगितलं की गाळून, नीट तयार करूनच घालतात, मशीन त्यासाठीच असतं. ते म्हणाले, नको, खराब होईल, त्यापेक्षा तू स्वच्छ पाणी आण, ते लगेच तपासू.

मी म्हटलं, सर, स्वच्छ पाण्यात काही सापडणार नाही.

"मग रिझल्ट चांगलाच येईल की," ते म्हणाले.

मी बाटल्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून भरल्या आणि बडोद्याला नेल्या. तिथे माझी पीएच.डी.च्या वेळची एक मैत्रीण लॅबमध्ये होती. तिने तिच्या रविवारी, तिच्या जुन्या मशीनवर, माझं सगळं पाणी तपासून दिलं. गाडीत शेजारच्या बाईंनी पेटीत आइस्क्रीम आहे का असं विचारलं होतं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं त्राण नव्हतं.

*

हीनाचं पुढे काय झालं ते सांगते. हा किस्सा आम्ही लोचोच्या गाडीवर सांगत नाही. डीनसर हेच तिचे गाइड होते. खाडीच्या चिखलातून तिने एक जीवाणू वेगळा काढला. त्याला हवा तोडली की तो पाण्यातला रंग खायला लागायचा. नेमकी कधी हवा तोडायची हे शोधण्यात तिचे सगळे सणवार लॅबमध्ये गेले. काम फार देखणं झालं. पेपर छापून आला. त्यावर पहिलं नाव डीनसरांचं आणि दुसरं त्यांच्या पत्नीचं, ज्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. हीना शेवटच्या पानावर, आभारात होती, आणि तिथेही तिचं नाव हेमा असं छापलं होतं.

ती केबिनमध्ये जाऊन आली. काय म्हणाले, असं आम्ही विचारलं नाही. ती टेबलावर डोकं ठेवून थोडा वेळ पडून राहिली, मग उठून तिने जीवाणूंना नवं अन्न घातलं, कारण त्यांची वेळ झाली होती.

काही महिन्यांनी आमच्याच सभागृहात परिषद होती. डीनसरांनी तो पेपर सादर केला, त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत रेशमी साडीत बसल्या होत्या. हैदराबादहून आलेल्या एक वयस्कर शास्त्रज्ञ बाई पुढे बसल्या होत्या. काम त्यांना मनापासून आवडलं होतं, म्हणून त्यांनी बारकाईने विचारलं, की हवा तुम्ही नेमकी कधी तोडता आणि ती वेळ झाली हे कशावरून ओळखता? डीनसरांनी स्लाइडकडे पाहिलं. स्लाइडवर ते नव्हतं. मग ते मोठ्या मनाने म्हणाले की ही तपशिलाची बाब आहे, आमच्या हीनाबेन सांगतील, त्या मागे बसल्या आहेत.

माइक मागे आला. हीना उभी राहिली.

"सर, या पेपरवर माझं नाव नाही. ज्यांनी काम केलंय त्यांनाच विचारलेलं बरं."

सभागृहातल्या सगळ्या नजरा आधी पडद्यावरच्या दुसऱ्या नावाकडे आणि मग पहिल्या रांगेतल्या रेशमी साडीकडे वळल्या.

हीनाचं कंत्राट वाढलं नाही. कारण दिलं होतं, विषयाशी बांधिलकी कमी. ती आता अंकलेश्वरला एका कंपनीत आहे. चांगलं चाललंय तिचं. पण तिने जाताना जीवाणूंच्या काचेच्या सगळ्या बश्या नीट लेबल लावून ठेवल्या होत्या, आणि महिन्याभरात त्या सुकून गेल्या, कारण अन्न घालायला कुणी नव्हतं. मला कुणी विचारलं की देशात संशोधन का होत नाही, तर मला त्या सुकलेल्या बश्या दिसतात आणि मी विषय बदलते.

*

शेवटचा माझा. विद्यापीठ आणि उद्योग यांचा मेळावा होता. सगळ्या पोस्टडॉकांनी आपापल्या कामाची पोस्टर लावायची आणि पाहुण्यांना समजावून सांगायची. मी खाडीच्या पाण्याचं लावलं. नकाशा, कुठल्या वळणावर कोणता रंग, किती, सगळं ठळक. बडोद्याचे आकडे. गाइडनी ते आधी पाहून मंजूर केलं होतं.

सकाळी डीनसर फेरी मारायला आले आणि माझ्या पोस्टरसमोर थबकले. प्रमुख पाहुणे कोण होते ते मला तेव्हा कळलं. कापड प्रोसेसिंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या, धंद्यातले शहरातले मोठे गृहस्थ, आणि आमच्या नव्या इमारतीचे देणगीदार. काढ हे, डीनसर म्हणाले. पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती, प्रत्येक पोस्टरचा क्रमांक तिच्यात होता आणि मधलं एक पॅनेल रिकामं दिसलं असतं. गाइडनी चष्मा काढला.

डीनसरांनी थोडा विचार करून तोडगा काढला. पोस्टर राहू दे, तू त्याच्या समोर उभी राहा. अगदी लागून. दुपट्टा जरा पसरून घे. पाहुणे जाईपर्यंत हलायचं नाही.

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. पर्स उचलली आणि घरी निघाले. वडिलांचे हात डोळ्यांसमोर येत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या नखांच्या कडांचा निळा रंग गेलेला नाही. शेजारच्या पॅनेलवर प्रशांत होता. तो हळूच म्हणाला, जाऊ नकोस, त्यांनी सांगितलंय तसंच कर, अगदी तसंच.

मी परत फिरले. पोस्टरला पाठ लावून, दुपट्टा दोन्ही हातांनी पसरून उभी राहिले.

पाहुणे आले. पांढरा शर्ट, पायात साध्या चपला, वय झालेलं. मागे पंचवीस-तीस माणसांचा घोळका आणि फोटोग्राफर. डीनसर त्यांना माझ्यासमोरून लगबगीने प्रशांतच्या लेझरच्या पोस्टरकडे नेत होते. पण भिंतीला चिकटून दुपट्टा पसरून उभी असलेली बाई कुणाला दिसणार नाही? पाहुणे थांबले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, की बेन, तुमच्या मागे काय आहे?

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही जाईपर्यंत मी इथून हलायचं नाही, असं आमच्या सरांनी सांगितलंय."

पाहुण्यांनी डीनसरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग प्रशांतच्या पॅनेलपाशी एक खुर्ची होती, ती त्यांनी स्वतः ओढत आणली, माझ्या बरोबर समोर मांडली आणि तिच्यावर ऐसपैस बसले.

"मला काही घाई नाही," ते म्हणाले.